पडद्यामागचा मालक

(पक्षाच्या विविध भाषांतील मुखपत्रांसाठी काम करणाऱ्या भाषांतरकार कॉम्रेड्सच्या तंजावूर येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. – संपादक)



मराठीत भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला या गावात बोलायला उभे राहताना थोडा संकोच वाटावा, असा इतिहास येथे आहे. पुण्या-मुंबईत देवनागरी छापखान्याचा मागमूसही नव्हता त्या काळात, १८०५ च्या सुमारास, तंजावूरच्या सरफोजी राजांनी येथे छापखाना उभा केला. आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने त्यावर छापून निघाले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. म्हणजे आपल्या भाषेच्या मुद्रणकलेच्या जन्मकाळीच, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, या कावेरीकाठी एक भाषांतरकार बसून काम करीत होता.

पण या गौरवाच्या गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. तो छापखाना राजाचा होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता. राजाकडे किल्ला आणि तनखा उरला होता. त्यातूनही सरफोजींनी पाठशाळा चालवल्या, ग्रंथ जमवले, सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. त्याचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. तथापि काय छापायचे, कोणासाठी छापायचे आणि किती छापायचे, हे राजाच्या मर्जीवर होते. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला प्रचंड मराठी शिलालेख आपल्यापैकी पुष्कळांनी आज सकाळी पाहिला. भोसले कुळाचा सविस्तर वृत्तांत त्यात आहे. त्याच काळात या खोऱ्यात कंबरभर चिखलात भात लावणाऱ्या वेठबिगारांचा वृत्तांत भिंतीवर कोणी कोरलेला नाही. भिंत ज्याची, त्याची वंशावळ तिच्यावर. इतका हा साधा न्याय आहे. १८५५ मध्ये ते राज्यही खालसा झाले. राजे गेले, परंतु तो न्याय बदललेला नाही.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ‘तंत्रज्ञान, लोकप्रिय संस्कृती आणि प्रसारमाध्यमांवरील भांडवली पकड’ असा आहे. त्याचे सूत्र मी याच भिंतीपाशी पकडू इच्छिते. आजची भिंत काचेची आहे, तळहाताएवढी आहे आणि ती आपण स्वतः विकत घेऊन खिशात बाळगतो. तिचा मालक मात्र पूर्वीपेक्षा दूर बसलेला आहे, आणि त्याला आपली वंशावळ कोरून घेण्याची हौस नाही. त्याला आपली सर्वांची वंशावळ, आवडनिवड आणि दिनचर्या हवी आहे.

तमिळनाडूच्या तारेचा धडा

दूरवरची उदाहरणे देण्याआधी या राज्यातलेच एक उदाहरण घेऊ. येथील कॉम्रेड्सना ते पाठ आहे. मराठी, हिंदी, बंगाली कॉम्रेड्ससाठी थोडक्यात सांगते.

१९९३ मध्ये सन टीव्ही सुरू झाला. त्याचे मालक राज्यातल्या एका प्रमुख राजकीय घराण्याचे नातलग होते. पुढे त्याच समूहाकडे वाहिन्या आल्या, वृत्तपत्र आले, आणि घरोघर तार नेणारी केबल कंपनीही आली. कार्यक्रम तयार करणारा, तो दाखवणारा आणि तो पोचवणारा असे तिन्ही एकच झाले. २००६ च्या निवडणुकीनंतर राज्य सरकारने गरीब कुटुंबांना रंगीत दूरचित्रवाणी संच फुकट देण्याची योजना राबवली. दीड कोटीच्या आसपास संच वाटले गेले. संच सरकारी पैशाने आला. परंतु त्यात चित्र दिसण्यासाठी लागणाऱ्या तारेचे भाडे दर महिन्याला गरिबाने भरायचे होते, आणि ते कोणाच्या तिजोरीत जाणार हे उघड होते. लोककल्याण आणि मक्तेदारी यांचे इतके सरळ साटेलोटे क्वचितच पाहायला मिळते.

मे २००७ मध्ये त्या घराण्यातच फूट पडली. समूहाच्या वृत्तपत्राने राजकीय वारसाविषयी जनमताची एक पाहणी छापली. त्यावरून मदुरैतील त्याच्या कार्यालयावर हल्ला झाला, आग लावली गेली, आणि तीन कर्मचारी प्राणांस मुकले. त्या तिघांपैकी कोणीही वारसाच्या शर्यतीत नव्हता. मालकांच्या भांडणात नोकर मेले. याच वर्षी राज्य सरकारने ‘अरसु केबल’ हे सरकारी महामंडळ स्थापन केले. त्याच्या पहिल्या नियंत्रणकेंद्रांपैकी एक याच तंजावूर शहरात उभे राहिले. मक्तेदारी मोडणार, स्वस्तात तार मिळणार, अशा घोषणा झाल्या. पण डिसेंबर २००८ मध्ये घराण्यात समेट झाला आणि महामंडळाचे चाक चिखलात रुतले. जनतेच्या पैशाने उभी केलेली यंत्रे थंडावली. २०११ मध्ये सत्तांतर झाल्यावर प्रतिपक्षाच्या सरकारने तेच महामंडळ पुन्हा उभे केले आणि महिना ७० रुपयांत सेवा सुरू केली.

यातून दोन धडे निघतात, आणि दोन्ही एकदमच लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला असा, की सार्वजनिक मालकी शक्य आहे. ७० रुपयांत तार देता येते हे सिद्ध झाले. खाजगी मालक मागत असलेला दर ही काही निसर्गाची देणगी नव्हती. दुसरा असा, की केवळ सरकारी पाटी लागल्याने माध्यम जनतेचे होत नाही. घराण्याचे भांडण पेटले की महामंडळ जन्मते, भांडण मिटले की ते झोपी जाते, अशी जर स्थिती असेल, तर त्या मालकीत जनतेचा वाटा कोणता? केबल चालवणारे छोटे व्यावसायिक, तारा ओढणारे मजूर आणि भाडे भरणारी कुटुंबे यांपैकी एकालाही त्या महामंडळाच्या कारभारात आवाज नव्हता.

मक्तेदारीची नवी पायरी

हा झाला एका राज्यातला, एका घराण्याचा पसारा. आता देशपातळीवर पाहा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. आरंभी फुकट, मग अतिशय स्वस्त. गावोगाव मोबाईलवर चित्रपट आणि क्रिकेट पोचले, आणि आपल्यापैकी अनेकांनीही त्याचे स्वागत केले. स्पर्धक कंपन्या एकामागून एक बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. २०२० मध्ये फेसबुकने जिओच्या कंपनीत ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी गुगलनेही ३३,७३७ कोटी रुपये ओतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच रिलायन्स समूहाचा आणि डिस्नेचा भारतातील माध्यम-व्यवसाय एकत्र आला. या संयुक्त कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये ठरवण्यात आले. स्पर्धा आयोगाला परवानगी देताना काही वाहिन्या विकण्याची अट घालावी लागली, यावरूनच पकड किती घट्ट आहे हे समजावे. २०२३ ते २०२७ या काळातील आयपीएल सामन्यांचे दूरचित्रवाणीवरील हक्क एका कंपनीने घेतले होते आणि मोबाईलवरील हक्क दुसरीने. लिलावात एकमेकींविरुद्ध बोली लावणाऱ्या त्या दोन कंपन्या आता एकाच छताखाली आहेत. बातम्यांच्या क्षेत्रात डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्हीचा ताबा अदानी समूहाकडे गेला.

लेनिनने साम्राज्यवादाचे विश्लेषण करताना बँकभांडवल आणि औद्योगिक भांडवल यांच्या एकजीव होण्याकडे लक्ष वेधले होते. आज आपण त्याच प्रक्रियेची एक पुढची पायरी पाहत आहोत. तेलशुद्धी कारखाना, किराणा दुकान, मोबाईलचे जाळे, वाहिनी, चित्रपट आणि क्रिकेट ही एकाच मालकाच्या जमाखर्चातील वेगवेगळी पाने झाली आहेत, आणि या पानांत परकीय महाकंपन्यांची भागीदारी आहे. राष्ट्रीय भांडवलदार विरुद्ध परकीय भांडवलदार अशी सोपी मांडणी येथे पुरी पडत नाही.

याचा राजकीय परिणाम काय होतो, हे दिल्लीच्या सीमेवर दिसले. २० डिसेंबर २०२० रोजी शेतकरी आंदोलनाचे ‘किसान एकता मोर्चा’ हे फेसबुकवरील पान अचानक नाहीसे झाले. गदारोळ झाल्यावर काही तासांनी ते परत आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारच्या आदेशावरून ट्विटरवरील अडीचशेच्या सुमारास खाती काही काळ रोखली गेली. त्यांत याच आंदोलनाचे खाते आणि एका प्रतिष्ठित मासिकाचे खाते होते. काश्मीरमध्ये तर ऑगस्ट २०१९ पासून वेगवान इंटरनेट फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद राहिले. मालकाचा हात आणि राज्ययंत्रणेचा हात असे दोन हात एकाच गळ्याभोवती आहेत. कधी एक आवळतो, कधी दुसरा.

तरीही हे चित्र केवळ पराभवाचे नाही. २०१५ मध्ये फेसबुकने गरिबांसाठी ‘फुकट इंटरनेट’ची योजना आणली होती. तिचा अर्थ एवढाच होता, की कंपनीने निवडलेली संकेतस्थळे फुकट आणि उरलेले जग पैसे मोजून. देशभरातून दहा लाखांहून अधिक पत्रे दूरसंचार नियामकाकडे गेली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये असे भेदभावाचे दर बेकायदा ठरले. केंद्र सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच नेमलेल्या पथकाने ठरवावे, हा २०२३ चा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल केला. दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्येच ‘ट्रॉली टाइम्स’ हे आपले स्वतःचे कागदी पत्र काढले. पान काढून टाकता येते; हातोहात वाटलेला कागद परत गोळा करता येत नाही.

गाणे कोणाचे?

आता लोकप्रिय संस्कृतीकडे वळू. आपल्या चळवळीत तिच्याविषयी दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. काही कॉम्रेड्सना चित्रपट आणि गाणी म्हणजे निव्वळ अफू वाटते. उलट काहींना, जे लोकप्रिय ते लोकांचेच, असे वाटते. दोन्ही मते आळशीपणाची आहेत.

संगीतकार इळैयराजा यांचे उदाहरण घ्या. त्यांचे थोरले बंधू पावलर वरदराजन हे कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतून गाणारे कवी-गायक होते. १९५८ च्या केरळातील देवीकुळम पोटनिवडणुकीत त्यांच्या गाण्यांनी प्रचार गाजवला. या बंधूंच्या पथकात गावोगाव फिरत कोवळ्या वयातील इळैयराजांनी संगीताचे पहिले धडे गिरवले. महाराष्ट्रातील कॉम्रेड्सना येथे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. कष्टकऱ्यांच्या सभेत, ध्वनिक्षेपकाशिवाय, डफाच्या आणि पेटीच्या साथीने तयार झालेला हा कान पुढे १९७६ पासून तमिळ चित्रपटसंगीत बदलून टाकतो. म्हणजे ज्याला आपण ‘बाजारू’ म्हणून बाजूला सारतो, त्याच्या मुळाशी आपल्याच चळवळीचे पाणी आहे.

आणि त्या गाण्यांचे आज काय झाले? ध्वनिमुद्रण कंपन्यांशी त्यांचे खटले वर्षानुवर्षे चालले. २०२२ मध्ये सोनी या बहुराष्ट्रीय कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि त्यात ५३६ रचनांवर हक्क सांगितला. तो दावा मद्रासला वर्ग करावा ही इळैयराजांच्या कंपनीची विनंती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयात कोणाची बाजू कायद्याने बळकट ठरेल हा प्रश्न येथे मला महत्त्वाचा वाटत नाही. इळैयराजा हे स्वतः संपन्न कलावंत आहेत; त्यांना आपल्या वकिलीची गरज नाही. पण इतक्या मोठ्या नावाच्या माणसाला जर आपण बांधलेल्या चालीसाठी महाकंपनीशी झगडावे लागते, तर त्या चालींत नादस्वर, व्हायोलिन, तबला वाजवणाऱ्या, रोजंदारीवर ध्वनिमुद्रणाला येणाऱ्या वादकांचे काय? ते गाणे मोबाईलवर दहा वेळा वाजले तरी त्यांच्या घरी त्याचा एक पैसा जात नाही. चित्रपटसंगीत ही सामूहिक श्रमाची निर्मिती आहे, आणि तिचे उत्पन्न खाजगी आहे. हा अंतर्विरोध कापडगिरणीत जसा होता तसाच ध्वनिमुद्रणगृहात आहे.

दुसरे उदाहरण ‘जय भीम’ या २०२१ च्या चित्रपटाचे. १९९३ मध्ये पोलीस कोठडीत झालेल्या एका आदिवासी कामगाराच्या मृत्यूचे प्रकरण त्याच्या मुळाशी आहे. ते प्रकरण धसास लावण्यात स्थानिक कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा वाटा होता, आणि ते लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. चित्रपटात लाल झेंडे आहेत, मार्क्सची तसबीर आहे, आणि कष्टकऱ्यांची बाजू निःसंदिग्धपणे मांडलेली आहे. अनेक वर्षे आपण पत्रके वाटून जेवढ्या लोकांपर्यंत पोचलो नसू, तेवढ्या लोकांपर्यंत हा चित्रपट काही दिवसांत पोचला. आणि तो पोचवला कोणी? अॅमेझॉनने. त्याच कंपनीच्या न्यूयॉर्कमधील गोदामात एप्रिल २०२२ मध्ये कामगारांनी मतदान करून संघटना स्थापन केली, तेव्हा कंपनीने तो कौल मान्य करण्याऐवजी त्याला आव्हान दिले. पडद्यावरील संघर्षाला तिने जागा दिली, कारण त्याचे तिकीट विकले जाते. आपल्या गोदामातील संघर्षाला तिने जागा नाकारली.

मग असा चित्रपट आपण पाहू नये काय? अवश्य पाहावा, दाखवावा, त्यावर चर्चा घडवून आणावी. भांडवलशाही नफ्यासाठी पुष्कळदा आपल्याच विरुद्धची वस्तू विकते, आणि त्या फटीतून प्रकाश आत येतो. परंतु फट म्हणजे दार नव्हे. २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ नावाचा चित्रपट आला. त्यात मराठी मातृभाषा असलेले आणि एके काळी बस-वाहक असलेले रजनीकांत होते, आणि त्याची निर्मिती करणाऱ्या संस्थेचा मालक मोबाईल सेवेच्या धंद्यातून मोठा झालेला आहे. चित्रपटाचा विषय धार्मिक सलोख्याचा होता, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण आपले अभिवादनसुद्धा भित्तिपत्रकावर छापून विकता येते, हे पाहून आपण शहाणे व्हावे.

पडदा घडवणारे हात

पडद्यावर काय दिसते याविषयी आपण पुष्कळ बोलतो. पडदा कोण घडवते याविषयी कमी. येथून काही तासांच्या अंतरावर श्रीपेरुंबुदूर आहे. तेथील सॅमसंगच्या कारखान्यात दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे तयार होतात. ९ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील हजाराहून अधिक कामगारांनी संप पुकारला. मुख्य मागणी कोणती? आपल्या संघटनेला मान्यता मिळावी ही. १९२६ च्या कायद्याने जो हक्क या देशातल्या कामगाराला शतकापूर्वी दिला, त्यासाठी ३७ दिवस रस्त्यावर बसावे लागले. मंडप उखडले गेले, अटका झाल्या. अखेर जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये याच भागात आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या स्त्री-कामगारांनी वसतिगृहातील विषारी अन्नाच्या निषेधार्थ चेन्नई–बंगळूर हमरस्ता रोखला होता.

‘डिजिटल’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात काहीतरी निर्वजन, हवेत तरंगणारे चित्र उभे राहते. वस्तुतः त्यात लोखंड आहे, काच आहे, वीज आहे, आणि वसतिगृहाच्या एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या विशीतल्या मुली आहेत. माध्यमांच्या मक्तेदारीविरुद्धचा लढा या मुलींच्या लढ्यापासून तोडून पाहणे म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्यावर भाषण करून छापखान्यातील जुळाऱ्याला विसरण्यासारखे आहे.

आपली एक जुनी चूक

येथे थोडे आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचे ठरले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्याला कडवा विरोध केला. कलकत्त्यात तर तो यंत्र बसू न देण्यापर्यंत गेला. पुढे बँकांतही हाच प्रश्न उभा राहिला. आपल्याला आजही ‘संगणकाचे विरोधक’ म्हणून हिणवले जाते. त्या विरोधाचे समर्थन किंवा धिक्कार एका वाक्यात करता येणार नाही. यंत्र आले की नोकऱ्या जाणार, त्याचा लाभ मालकाला आणि झळ कामगाराला लागणार, ही त्या कॉम्रेड्सची भीती वर्गीय दृष्ट्या अचूक होती. चूक झाली असेल तर ती पुढच्या पायरीवर झाली. यंत्राला आपण ‘नको’ म्हटले. परंतु यंत्र आलेच तर ते कोणाच्या ताब्यात असावे, त्याने वाचलेला वेळ कोणाला मिळावा, याचा आराखडा आपण वेळेवर मांडला नाही. परिणामी यंत्र आलेच, आणि ते मालकाच्या अटींवर आले.

तीच चूक पुन्हा करण्याची वेळ आज आपल्यावर, म्हणजे येथे बसलेल्या भाषांतरकारांवर, आली आहे. भाषांतर करणारे यंत्र आता सर्वांच्या खिशात आहे. त्याच्या गमती आपण एकमेकांना सांगतो. माझ्यासमोर आलेल्या एका यंत्र-मसुद्यात कामगारांनी संप करण्याऐवजी ‘प्रहार’ केला होता, आणि पक्षाच्या शाखेची ‘पेशी’ झाली होती. आपण हसलो. पण कॉम्रेड्स, हे हसणे फार दिवस टिकणार नाही. यंत्र सुधारते आहे. कशाच्या बळावर? आपल्या पूर्वसूरींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या भाषांतरांच्या, कोशांच्या, अग्रलेखांच्या, पुस्तिकांच्या बळावर. अतिरिक्त मूल्य, उत्पादनसंबंध, वर्गजाणीव हे शब्द मराठीत आपोआप उगवले नाहीत. कोणी तरी रात्री जागून, चूल अर्धी पेटत असताना, ते घडवले. तो सारा संचित श्रम कोणालाही न विचारता यंत्राच्या पोटात गेला आहे, आणि आता तोच भाड्याने आपल्याकडे परत येतो आहे. मार्क्सने ज्याला मृत श्रम म्हटले, तो जिवंत श्रमावर स्वार होण्याचे याहून स्वच्छ उदाहरण भाषांतरकाराला कोठे सापडेल?

शिवाय बाजाराच्या यंत्राला बाजाराचीच भाषा येते. या तंजावूर परिसरात साडेतीनशे वर्षांपासून घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. तमिळच्या शेजारात वाढलेली त्यांची मराठी पुण्याच्या मराठीहून वेगळी आहे, आणि तितकीच आपली आहे. त्या बोलीला गिऱ्हाईक नाही, म्हणून यंत्रात तिला जागा नाही. जी गोष्ट तंजावरी मराठीची, तीच गडचिरोलीच्या माडियाची, तीच नीलगिरीच्या तोडांच्या भाषेची. ज्यांची पिळवणूक सर्वांत अधिक, त्यांची भाषा यंत्राला सर्वांत कमी कळते.

काय करावे?

तेव्हा आपली कामे कोणती? मी चार सुचवते. चर्चेत त्यांत भर पडावी, दुरुस्ती व्हावी.

पहिले काम संघटनेच्या स्वावलंबनाचे. आज अनेक शाखांची सभासदयादी, सभेची सूचना आणि मुखपत्राचा मजकूर हे सर्व व्हॉट्सअॅपवर, म्हणजे एकाच अमेरिकन कंपनीच्या खात्यात, आहे. हे माध्यम वापरू नये असे मी म्हणत नाही. लोक जेथे आहेत तेथे आपण असलेच पाहिजे. पण ते एका रात्री बंद झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपली शाखा आपल्या सभासदांना कशी गाठेल, याचे उत्तर प्रत्येक शाखेकडे असले पाहिजे. मुखपत्र घेऊन दारोदार जाणारा कॉम्रेड ही जुनाट पद्धत नाही. पत्र हे संघटकही असते, हे १९०१ पासून आपण म्हणत आलो आहोत; तो संघटक दारावर थाप मारतो, तेव्हा वाचकाचे उत्तरही ऐकतो.

दुसरे काम संग्रहाचे. सरस्वती महालातील पोथ्या राजाच्या कपाटातून १९१८ मध्ये सार्वजनिक झाल्या, म्हणून आज आपण त्या पाहू शकतो. आपल्या जुन्या पुस्तिका, कलापथकांची गाणी, संपांची हस्तपत्रके कोणाच्या कपाटात आहेत? ती वाळवीला किंवा कंपनीला मिळण्याआधी आपणच त्यांचे जतन करून, सर्वांना मुक्तपणे वापरता येतील अशी ठेवली पाहिजेत.

तिसरे काम कामगारांना संघटित करण्याचे. केबल ओढणारे, खाद्यपदार्थ पोचवणारे, गोदामात माल बांधणारे, पडद्यावरील घाण दिवसभर पाहून ती वेगळी काढणारे, रोजंदारीवर वाजवणारे, आणि हो, तुकड्यावर भाषांतर करणारे, हे सर्व या उद्योगाचे कामगार आहेत. त्यांना ‘भागीदार’ म्हटल्याने त्यांचे श्रमिकपण जात नाही.

चौथे काम सार्वजनिक पर्यायाच्या मागणीचे. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने जून २०२३ मध्ये राज्याचे स्वतःचे तंतुजाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचे धोरण ठेवले. मार्च २०२४ मध्ये चित्रपट दाखवण्यासाठी सरकारी मालकीचा मंच काढला. शाळांतून मुक्त संगणकप्रणाली त्याआधीच आणली होती. या प्रयोगांत अडचणी आल्या, मर्यादाही राहिल्या. पण अरसु केबलच्या अनुभवासोबत त्यांचा अभ्यास केल्यास एक मागणी स्पष्ट होते: जाळे सार्वजनिक मालकीचे असावे, आणि त्याच्या कारभारात कामगार व ग्राहक यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. दुसरी अट नसेल तर पहिली केव्हाही एखाद्या घराण्याच्या समेटात विरघळून जाते.

समारोप

शेवटी एक आठवण जागवून मी थांबते. येथून पूर्वेला, जुन्या तंजावूर जिल्ह्यात, कीळवेण्मणी हे गाव आहे. २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीवाढ मागणाऱ्या आणि लाल झेंडा खाली न उतरवणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या गुंडांनी हल्ला केला. एका झोपडीत आसऱ्याला गेलेल्या ४४ दलित स्त्रिया, मुले आणि वृद्धांना जिवंत जाळण्यात आले. उच्च न्यायालयाने जमीनदारांना पुढे निर्दोष सोडले. त्या घटनेची आठवण कोणत्या कंपनीने जिवंत ठेवली? कोणत्याही नाही. दर वर्षी २५ डिसेंबरला चालत येणाऱ्या माणसांनी ती ठेवली. आणि २००५ मध्ये भारती कृष्णकुमार यांनी त्या झोपडीवर ‘रामय्याविन कुडिसै’ हा माहितीपट काढला, तेव्हा वाचलेल्यांचे शब्द यंत्रानेच जपले. यंत्र तेच, ते कोणाच्या हाती आहे, यावर सगळे ठरते.

या भागातील शेतमजुरांना १९४३ पासून संघटित करणारे कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांची मातृभाषा कानडी होती. ते तमिळ शिकले, चेरीतल्या झोपड्यांतून राहिले, आणि ज्यांना मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले. आपल्या व्यवसायाचे ते आद्य पुरुष आहेत, असे मी मानते. शब्दाला प्रतिशब्द देणे यंत्रालाही जमेल. परंतु दिलेल्या शब्दासाठी उद्या त्याच वस्तीत उभे राहून जाब देणे, आणि तेथे मिळालेला जाब परत आपल्या पत्रात आणणे, हे काम माणसाचे आहे, कॉम्रेडचे आहे. ते आपण सोडले नाही, तर पडद्यामागचा मालक कितीही मोठा असो, त्याला आपल्या जागी दुसरे कोणी बसवता येणार नाही.

इन्किलाब झिंदाबाद!